खरकटा रंग

माझं अक्षर चांगलं आहे असं लोक म्हणतात. पण ते काढलेलं अक्षर आहे, लिहिलेलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, हातात ब्रश आला, आणि पुढं सगळा जन्म दुसऱ्यानं सांगितलेले शब्द भिंतीवर काढण्यात गेला. त्यामुळं हे लिहिताना हात अडतो. अंकाचे संपादक म्हणाले, "पेंटर, तुमच्या धंद्यातल्या गमती लिहा, लोक आवडीनं वाचतात." गमती आहेत. त्या आधी सांगून टाकतो. मग जे खरं सांगायचंय ते सांगतो. त्यात गंमत नाही.

मी शाळांच्या भिंती रंगवायचो. कंधार, उमरी, अर्धापूर, इकडं उदगीरपर्यंत. एसटी जाते तिथं एसटीनं, जात नाही तिथं डबे डोक्यावर घेऊन. आधी दुकानाच्या पाट्या अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचो. मग सरकारी शाळांच्या भिंती बोलक्या करायचं वारं आलं आणि आम्हाला बरकत आली. वर्गात उजळणी, महिने, फळं, प्राणी. बाहेर नकाशा. आणि व्हरांड्याच्या लांब भिंतीवर एक चित्रकथा, म्हणजे पाच-सहा चौकटींत अख्खी गोष्ट अन् खाली तात्पर्य. गोष्ट हेडमास्तर द्यायचे. कधी पुस्तकातली, कधी त्यांनी स्वतः रचलेली. स्वतः रचलेली असली की मास्तर दिवसभर खुर्ची टाकून मागं बसायचे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, भिंत रंगवायची म्हणजे ब्रश घेतला अन् फिरवला. तसं नसतं. आधी जुना चुना खरवडायचा. खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरायचे. घासायचं, अस्तर द्यायचं, वाळू द्यायचं. मग सुतळीला नीळ लावून दोन टोकांना ताणायची अन् मधी चिमटीनं उचलून सोडायची. फट् करून भिंतीवर सरळ निळी रेघ. अशा आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोन पाडायचे, तेवढेच चौकोन कागदावरच्या चित्रावर, आणि एकेक चौकोन कोळशानं भिंतीवर मोठा करत जायचं. रंग शेवटी. खरवडणं, घासणं, अस्तर, सुतळीचं दुसरं टोक धरणं, ही सगळी कामं माझी बायको महानंदा करायची. रंग कालवायचीसुद्धा तीच. नारळाच्या करवंट्या ओळीनं मांडून बसायची, एकेका करवंटीत एकेक रंग. मी वर शिडीवरून नुसता हात खाली करायचो. मागावं लागायचं नाही. आकाश चालू असलं की निळ्याची करवंटी हातात यायची.

माणसाच्या अंगाला आमचा एक ठरलेला रंग होता. पांढऱ्यात थोडा पिवळा आणि बोटभर नारंगी. त्याला आम्ही 'अंग' म्हणायचो. "अंग कालव गं," म्हटलं की ती कालवायची. त्या रंगाची माणसं मी नांदेड-लातूर दोन्ही जिल्ह्यांत काढली. आई, बाप, गुरुजी, शेतकरी, राजा, सगळे गुलाबी. माझ्या भिंतीवर कंधारचा शेतकरीसुद्धा थंड हवेच्या गावाहून परवाच उतरल्यासारखा दिसायचा. कुणी हरकत घेतली नाही.

दुसरा एक रंग होता. संध्याकाळी काम थांबलं की करवंट्यांत थोडा थोडा रंग उरायचा. ऑइलचा रंग, रात्रीतून त्यावर साय धरते, सकाळी वाया जातो. महानंदा चमच्यानं सगळं खरवडून तुपाच्या एका जुन्या डब्यात टाकायची. लाल, हिरवा, पिवळा, काळा, सगळं एकात. ढवळलं की मातकट काळसर असा एकच रंग व्हायचा. त्याचं नाव मी ठेवलं होतं खरकटा. झाडाची खोडं खरकट्यात. म्हैस खरकट्यात. जमीन, दगड, वारूळ खरकट्यात. चोर, राक्षस, दारुडा, चेटकीण, आळशी पोरगा, हेही खरकट्यात. रंग वाया जात नव्हता आणि लेकरांना माणूस लगेच ओळखू यायचा.

आता गमती. उमरीकडच्या एका गावात गोष्टीत राजा होता. सरपंच रोज येऊन बघायचे. एक दिवस म्हणाले, "पेंटर, राजाला मिशा आमच्यासारख्या काढा." काढल्या. राजा हुबेहूब सरपंच झाला. पुढच्या निवडणुकीत ते पडले. नवे सरपंच मोटरसायकलवर घरी आले. "पेंटर, चला. राजाची दाढी करायची हाय." गेलो अन् मिशा पुसल्या. पाच वर्षांनी पहिले परत निवडून आले. त्या राजानं जितक्या वेळा तोंड बदललं तितक्या वेळा मी स्वतःची दाढी केली नसेल.

अर्धापूरला मात्र माझी फजिती झाली. तिथं सगळा केळीचा मुलूख. फळांच्या भिंतीवर मी केळीचा घड काढला, केळी खाली तोंड करून लोंबलेली, बाजारात हातात धरल्यावर दिसतात तशी. दुपारी एक शेतकरी आला, बघत उभा राहिला, अन् गेला. थोड्या वेळात दहा-बारा जण घेऊन आला.

"पेंटर, केळीचं झाड बघितलं का कधी?"

"बघितलंय की."

"मग ही केळी झोपली कशानं? घडाला केळी वर तोंड करून असतात, भल्या माणसा!"

"आजारी हायती वाटतं," दुसरा म्हणाला.

"पेंटरनं उलटं टांगून काढली असतील."

सगळं गाव हसलं. महानंदाही पदर तोंडाला लावून हसली. मी बागेत जाऊन बघून आलो, शरमिंदा झालो, अख्खा घड पुसून नव्यानं काढला. केळीचं तोंड चुकलं तर लोक जमा होतात. माणसाचं चुकलं तर होत नाहीत. हे मला आत्ता कळून राहिलंय. तेव्हा काही कळत नव्हतं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी महानंदा गेली. तापाचं निमित्त झालं. मी धंदा त्याच्याही आधी बंद केला होता, शिडीवर पाय थरथरतात. पोरगा बसवराज लातूरला असतो, त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. आता भिंती कोण रंगवतो? कापडावर छापून खिळे ठोकतात. मी कंधारला एकटा असतो.

यंदा उन्हाळा लागायच्या तोंडाला नांदेडहून एका कॉलेजच्या बिरादार मॅडमचा फोन आला. त्यांच्या बी.ए.च्या मराठीच्या वर्गाला चित्रकथा शिकायला आहे. कंधारजवळच्या एका गावातल्या शाळेत मी काढलेली गोष्ट अजून चांगली शाबूत आहे, तर वर्ग तिथंच घ्यायचा आणि चित्रकार म्हणून मी यायचं. मला दोनदा विचारावं लागलं, खरंच मला बोलावताय का? मी इस्त्रीचा सदरा घातला. शाळेत गेलो तर व्हरांड्यात सतरंजी, वीस-बावीस पोरंपोरी, अन् माझ्यासाठी खुर्ची. त्या व्हरांड्यात खुर्चीवर मी पहिल्यांदाच बसलो असेन.

गोष्ट सहा चौकटींची. पहिलीत अंगणात आई भाकरी थापतेय, मागं मोलकरीण झाडतेय. दुसरीत पाहुणा येतो. तिसरीत आई त्याला पितळी तांब्यातून पाणी देते. चौथीत मोलकरीण तो तांब्या पदराखाली लपवते. पाचवीत सापडते. सहावीत आईच्या पायावर पडते आणि आई तिला उठवते. खाली मी काढलेलं तात्पर्य, "क्षमा हा मोठा दागिना." गोष्ट तेव्हाच्या हेडमास्तरांनी रचलेली. ते आता नाहीत.

मॅडमनी आधी समजावून सांगितलं. पात्र म्हणजे गोष्टीतलं माणूस. ते कसं आहे हे सांगायचं नसतं, त्याच्या वागण्यातून दाखवायचं असतं. चित्रकथेत ते उभं कसं राहतं, बघतं कुठं, मोठं काढलंय का बारीक, हे सगळं बोलतं. आणि आशय म्हणजे गोष्ट खरं काय सांगून राहिली ते. "खाली लिहिलेलं तात्पर्य हाच आशय असेल असं धरून चालू नका," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बाई हुशार आहे. छाती फुगली होती माझी. आपण पोटासाठी जे केलं त्याचा कॉलेजात धडा होतो, हे महानंदानं बघायला पाहिजे होतं, असंही वाटलं.

पोरं बोलायला लागली. कुणी म्हणालं, आई मुख्य पात्र, सगळ्या चौकटींत मधोमध. कुणी म्हणालं, पाहुण्याला नुसतं गोष्ट पुढं ढकलायला आणलंय. अमोल म्हणून एक उंच पोरगा होता, तो म्हणाला, "मॅडम, मोलकरणीला पगार दिला नसेल. म्हणून तांब्या उचलला."

"चित्रात आहे तेवढं बोल, अमोल."

मागं भिंतीला टेकून एक मुलगी बसली होती. रेणुका, उमरीकडची. रंगानं चांगली काळी, केसांना तेल, डोळे बारीक करून भिंतीकडंच बघत होती. ती म्हणाली, "मॅडम, मला एक कळंना. चोरी चौथ्या चौकटीत होते. पहिल्या चौकटीत ही बाई नुसती झाडून राहिली. पण मला पहिल्या चौकटीतच कळलं की ही चोर आहे. कसं कळलं?"

"थोबाडावरून!" अमोल म्हणाला. पोरं हसली.

"थोबाड कुठाय? पाठ आहे आपल्याकडं."

मग कुणी हसलं नाही. सगळे पहिल्या चौकटीकडं बघायला लागले. मीही. खरंच पाठ होती. मीच काढलेली.

"रंगावरून कळलं," रेणुका म्हणाली. "हिच्या अंगाचा रंग अन् अंगणातल्या जमिनीचा रंग एकच आहे. दुसऱ्या कुणाचाच तसा नाही. मग मॅडम, आशय क्षमा कसा काय? गोरीनं काळीला माफ केलं, हा आशय आहे."

मॅडम माझ्याकडं वळल्या. "पेंटर मामा, तुम्हीच सांगा. हा रंग मुद्दाम निवडला होता का?"

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. पण मी तोंडाचा फाटका माणूस. आणि विचारलं काय, तर रंगाचं, म्हणजे माझ्या धंद्यातलं. मी ऐटीत सांगितलं, "निवडायचा कशाला? उरलेला रंग तो. सगळ्या करवंट्यांतलं खरवडून एका डब्यात टाकायचं. खरकटा म्हणायचो आम्ही त्याला. आणि कसंय, काळं दिसलं की लेकरांना लगेच कळतं, हे वाईट माणूस हाय. सांगावं लागत न्हाई."

अमोलनं मान खाली घातली. रेणुका माझ्याकडं बघत होती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"हाव मामा," ती म्हणाली. "लगेच कळतं."

बस, एवढंच. कुणी मला वाईट बोललं नाही. मॅडमनी विषय पुढं नेला, शेवटी पोरांनी टाळ्या वाजवल्या, शाल दिली, नारळ दिला. मी ती शाल पिशवीत कोंबली अन् एसटीत बसलो. खिडकीबाहेर तोंड करून बसलो, कारण शेजारच्या बाईचा हात दांडीवर होता, त्याच रंगाचा. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याची मान त्याच रंगाची. कंडक्टरनं तिकीट दिलं तो हात त्याच रंगाचा. अख्खी गाडी भरून मी खरकट्यात रंगवलेली माणसं बसली होती, आणि माझ्या भिंतीवरच्या गुलाबी माणसासारखं एक माणूस गाडीत नव्हतं. मीही तसा नव्हतो.

महानंदा काळी होती. सावळी म्हणत नाही. सावळी हा शब्द आपण आपली समजूत घालायला वापरतो. ती उदगीरच्या पलीकडची, माहेरी कानडी बोलायची, आणि काळी होती. उन्हात अंग तापलं की तिच्या कपाळावर तांब्यासारखी चमक यायची. मी रंगातला माणूस, मला ती चमक दिसायची. पण ती रंगवायची असते हे कधी डोक्यात आलं नाही.

नाही, एकदा आलं होतं. खोटं कशाला बोलू? धंद्याच्या सुरुवातीला, एका शाळेत आई काढत होतो आणि 'अंग' संपलं. दुकान लांब. समोर महानंदा बसलेली, तिच्याकडं बघत बघत गेरू-पिवळा घेऊन मी आईचं तोंड केलं. चांगलं झालं होतं. तिथले हेडमास्तर आले, बघितलं, म्हणाले, "पेंटर, आई जरा उजळ करा. मोलकरीण वाटून राहिली." महानंदा खालीच उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं दुसऱ्या डब्याचं झाकण उघडलं अन् पांढऱ्याची करवंटी वर केली. "घ्या," म्हणाली. मी घेतली. त्या हेडमास्तरांनी मला कपात चहा दिला अन् तिला बाहेर पायरीवर, स्टीलच्या ग्लासात. मजूर बाई समजले होते. मी चहा पिऊन टाकला. सांगितलं नाही की ही माझी बायको आहे. काम अर्धं झालं होतं, कशाला बोलायचं, असं वाटलं असेल. आठवत नाही. चहा प्यालो हे आठवतं.

घरी आलो. भिंतीवर तिचा फोटो आहे, हार घातलेला. ती गेली तेव्हा बसवराजनं श्रद्धांजलीचं फ्लेक्स केलं होतं, चौकात लावायला. मोबाइलवर मला दाखवत म्हणाला होता, "बाबा, आई अंधारात बसल्यासारखी दिसायली. जरा ब्राइट करू?"

मी म्हणालो होतो, "कर."

त्यानं केली. तोच फोटो फ्रेम करून घरात लावला. तेराव्याला तिची थोरली बहीण आली, डोळ्यांनी अधू, फोटोजवळ जाऊन लई वेळ बघत राहिली. "ही कोण बाई?" म्हणाली. "आमची महानंदा कुठाय?" सगळे म्हणाले, म्हातारीला दिसत नाही. मीही तसंच म्हणालो.

वर्गाहून परत आलो त्या संध्याकाळी मी त्या फोटोसमोर उभा राहिलो. पांढरा, पिवळा, बोटभर नारंगी. अंग. माझ्याच डब्यातला रंग पोरानं आईच्या तोंडाला फासला होता, अन् मी 'कर' म्हणालो होतो. बसवराजला फोन लावला.

"आईचा तो पहिला फोटो पाठव. आधीचा."

"तो कुठला आता बाबा? मोबाइल बदलला की मी. काऊन?"

"तिच्या रंगाचा फोटो पाहिजे."

"लग्नाचा हाय ना एक."

"तो काळा-पांढरा हाय, गाढवा."

तो म्हणाला, "आधार कार्डावर..." अन् स्वतःच थांबला. आधार कार्डावर कोण कसं दिसतं ते आपल्याला माहीत आहे.

म्हणजे तिचा रंग आता जगात कुठंच नव्हता, नुसता माझ्या डोक्यात होता. आणि माझं डोकंही आता विसरायला लागलंय. परवा गॅस चालू ठेवून देवळात गेलो होतो. मी गेलो की संपलं. नातवंडं म्हणतील, आमची आजी गोरी होती.

मी मॅडमना फोन केला. म्हणालो, त्या भिंतीवरची आई मी नव्यानं रंगवतो. शाळेला विचारा. कुणी काही देऊ नका, रंग माझा मी आणतो. आणि ती पोरगी, रेणुका, येणार असली तर येऊ द्या. नसली तर राहू द्या.

शाळेनं हो म्हटलं. शाळा सकाळची होती. मी पहिल्या गाडीनं गेलो. करवंट्या मांडल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः मांडल्या. आणि इथं माझी खरी बेइज्जती झाली, बघायला कुणी नव्हतं तरी झाली. मला तो रंग कालवताच येईना. काळ्या माणसाचा रंग म्हणजे काळा टाकायचा, एवढंच हाताला ठाऊक. काळा टाकला की रंग मरतो. राखेसारखा होतो, आजारी होतो. पांढरा टाकला की खडूसारखा. सगळं एकात घातलं तर पुन्हा तोच, खरकटा. तीन करवंट्या वाया घालवल्या. साठी उलटलेल्या पेंटराला आपल्या लोकांच्या अंगाचा रंग येत नव्हता, कारण तो कधी केलाच नव्हता.

"काय मामा, चोराचा रंग संपला का?"

मागं रेणुका उभी होती. सोबत अमोल, हेल्मेट हातात घेऊन. दोघं मोटरसायकलवर आले होते.

मी उठलो. म्हणालो, "पोरी, त्या दिवशी मी जे बोललो..."

"राहू द्या मामा. मला सवय हाय."

हे ती चांगल्या मनानं म्हणाली, म्हणून जास्त लागलं. मी म्हणालो, "तुला सवय कुणी लावली, मीच ना? तू उमरीकडची ना? तुझ्या शाळेच्या भिंती कुणी रंगवल्या होत्या?"

तिच्याऐवजी अमोलच म्हणाला, "मामा, हिच्या शाळेत चेटकीण हाय एक. पोरं हिला त्याच नावानं हाका मारायची."

"तू गप ए," रेणुका म्हणाली.

मला त्या भिंतीसमोर खाली बसावं वाटलं, अन् मी बसलो. करवंट्यांकडं बघत म्हणालो, "मला हा रंग येईना. तुझा हात दाखवतीस का?"

"काऊन? मापात बसतो का बघायला?"

"बायकोचा रंग काढायचाय. तिच्यासारखी तू हायस. थोडीशी."

तिनं बाही वर करून माझ्यासमोर हात धरला. सकाळचं ऊन व्हरांड्यात येत होतं. मी काळ्याचा डबा बाजूला सारला. गेरवा घेतला, त्यात पिवळा, मग लाल, अन् निळ्याचं नुसतं टोक. करवंटी तिच्या मनगटाशी धरली. अजून मेलेला. लाल घातला. आता जिवंत झाला, पण उजळ. महानंदा हिच्यापेक्षा एक पळी गडद होती. गेरवा घातला, ढवळला. आणि मग आला. करवंटीत ती आली, कपाळावरच्या चमकेसकट. मी ढवळायचं थांबलो. रेणुका हात तसाच धरून उभी होती, अवघडली असेल, पण खाली घेतला नाही.

"आला का मामा?"

"आला."

सुतळीचं काम नव्हतं, अमोलनं शिडी धरली. मी वर चढलो. पहिल्या चौकटीतली आई रंगवली, मग दुसरी, मग तिसरी. नाक थोडं बसकं केलं, तिचं होतं तसं. भाकरी थापणारे हात रंगवले. मोलकरणीला हात लावला नाही. तिचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. दोघी एकाच रंगाच्या झाल्या तर गोष्ट काय सांगते, मी मॅडमना विचारणार आहे.

मधली सुट्टी झाली. पोरं पळत आली. दुसरी-तिसरीतली एक चिमुरडी, दोन शेंड्या, हातात खिचडीची ताटली, शिडीखाली येऊन उभी राहिली. वर बघत होती.

"आजोबा, ही नवीन चोरीण हाय का?"

मी शिडीवर थांबलो. खाली रेणुका होती, अमोल होता, दोघांनी ऐकलं.

"न्हाई बाळ," मी म्हणालो. "ही आई हाय."

"आईचा रंग असा नसतो."

"मग तुझ्या आईचा कसा हाय?"

पोरगी विचारात पडली. भिंतीकडं बघितलं. स्वतःच्या हाताकडं बघितलं, तो ताटलीभोवती होता, काळा, बारीक.

"असाच हाय," ती म्हणाली. आणि लगेच रिकामा हात तोंडावर ठेवला, सांगायचं नसलेलं काहीतरी सांगून बसल्यासारखा.

तिला काहीतरी म्हणायला पाहिजे होतं. मी जन्मभर भिंतीवर माणसं काढली, पण अशा वेळी काय म्हणतात ते मला कुणी शिकवलं नाही. रेणुका तिच्यापाशी खाली बसली अन् तिच्या कानात काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. हातातला ब्रश वाळून राहिला होता.